अंड्यातलं औषध

“त्या खिडकीजवळच्या बाईला बघा, दूध चढवाय लागल्यात. आन् मला नुसतंच पाणी. इथं बी आपल्या वाट्याला पाणीच व्हय?”

शेजारच्या खुर्चीतली बाई नवऱ्याशी कुरकुरत होती. दोन खुर्च्यांमध्ये एक हिरवा पडदा तेवढा होता, त्यामुळे ती माझ्याच कानात बोलल्यासारखी वाटली.

“गप बस,” नवरा म्हणाला. “दूध कुठं शिरंतनं देत्यात व्हय?”

“मग काय हाय ते?”

त्यानं जरा वेळ विचार केला असावा. “ताक असंल.”

राजमती, म्हणजे माझी थोरली जाऊ, डोळे मिटून पडली होती. मी तिला अक्का म्हणायची. मला वाटलं झोप लागली असेल, पण ताक ऐकल्यावर तिचं पोट हललं. बघते तर हसू दाबत होती.

मी मान लांब करून बघितलं. खरंच, खिडकीजवळच्या बाईच्या बाटलीत दुधासारखं पांढरं काहीतरी होतं आणि थेंबाथेंबानं नळीत उतरत होतं. आमच्या बाटलीतलं पाण्यासारखं. मिरजेच्या त्या दवाखान्यात अशा खुर्च्यांची एक रांगच होती. बाया सकाळी यायच्या, केमो घ्यायच्या आणि दुपारी आपापल्या गावच्या एस.टी.ला लागायच्या. आमचं गाव कृष्णेकाठचं, तासाभरावरचं.

अक्काची ही दुसरी फेरी. पहिल्यांदा छातीतली गाठ निघाली तेव्हा ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, पुन्हा आले, आणि आम्ही बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मोठं पूजा-विधान करून गाव जेवू घातलं. संपलं म्हणालो. मग दोनेक वर्षांनी तिच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं आणि रोग लिव्हरमध्ये निघाला. पहिल्या वेळी घरात निदान ‘कॅन्सर’ हा शब्द हळू आवाजात का होईना कुणीतरी उच्चारायचं. दुसऱ्या वेळी तेही बंद झालं. ‘अक्काच्या पोटाचं’ एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, म्हणजे भूपालदादांना, आणि आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता हे मुळातून जायचं नाही. औषधानं आवरून धरता येईल, किती दिवस ते सांगता येत नाही. दोघा भावांनी ते मला सांगितलं. सासूबाईंना सांगितलं नाही, आणि अक्काला तर नाहीच नाही.

“शैला,” अक्का म्हणाली, “पंखा लाव की गं जरा.”

पंखा चालूच होता. मी तिच्याकडे बघितलं तर तोंड लालबुंद झालेलं, मानेवर चट्टे उठलेले, आणि ती छातीवर हात ठेवून श्वास शोधत होती. मी ओरडले असेन. मला आठवत नाही. सिस्टर धावत आली, तिनं आधी नळी बंद केली, मग दोन इंजेक्शनं दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. हळूहळू अक्काचा श्वास जागेवर आला. पडद्यापलीकडची बाई आता पडदा सारून उघडच बघत होती. “माझ्या पाण्याला मी नावं ठिवली न्हवं,” ती नवऱ्याला म्हणाली, “बरं हाय माझं पाणी.”

डॉक्टर तांबोळी मॅडम आल्या. तरुण होत्या, पण सांगायची हातोटी चांगली होती. आम्हाला काही कळणार नाही असं धरून त्या कधी बोलल्या नाहीत.

“हे औषध पाण्यात विरघळत नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून एरंडेलापासून केलेल्या एका द्रवात विरघळवून देतात. काहींच्या अंगाला औषध चालतं, तो द्रव चालत नाही. आज तसंच झालं.”

“एरंडेल तोंडानं बी मला कधी चाललं न्हाई,” अक्का बारीक आवाजात म्हणाली.

“आता दुसरं देऊ. म्हणजे औषध तेच, पण अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनचे अगदी बारीक कण करून त्यात बसवलेलं. ते बघा, त्या ताईंना चाललंय ते. सोमवारी सुरू करू.”

“बारीक म्हणजे केवढे?” मी विचारलं. मला असलं विचारायची खोड आहे.

“एका केसाच्या जाडीत पाच-सहाशे कण शेजारीशेजारी बसतील.”

अक्कानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. “माझ्याकडं आता मापाला केस न्हाईत. दुसरं कायतरी सांगा.”

मॅडम हसल्या. मीही हसले. दादा तेवढे हसले नाहीत. ते दाराशी उभे होते आणि त्यांचा चेहरा अक्कापेक्षाही उतरला होता. त्यांनी मला खुणेनं बाहेर बोलावलं.

“शैला, काय म्हणाल्या त्या? अल्ब्युमिन?”

“हो.”

“अल्ब्युमिन म्हणजे काय, ठाऊक आहे तुला?”

दादा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. मी दहावीपर्यंत शिकलेली. पुढचं जे काय आलं ते पुड्या बांधलेले कागद वाचून आलेलं. मी नाही म्हणाले.

“अंड्यातला पांढरा भाग,” दादा म्हणाले. “दरवर्षी मुलांना लिहून देतो मी.”

आम्ही जैन. आमच्या घरात कांदा-बटाटा चातुर्मासात बंद, आणि सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, बारा महिने बंद. दिवस मावळला की चूल बंद. पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय त्या पायावरसुद्धा घेत नसत. केकमध्ये अंडं असतं असं कुणीतरी सांगितल्यापासून त्या बेकरीसमोरून जाताना पदर नाकाला लावायच्या. आणि आता त्यांच्या थोरल्या सुनेच्या शिरेतून बाटलीभर अंडं जायचं होतं.

त्या आठवड्यात आमच्या घरात अंड्यावर जितकं बोलणं झालं तितकं कुठल्या कोंबडीच्या खुराड्यातही होत नसेल. आता अक्का असती तर हे सगळं तिनं माझ्यापेक्षा रंगवून सांगितलं असतं. दोघं भाऊ माडीवर बसायचे आणि मी चहा घेऊन गेले की गप्प व्हायचे. मग मीच आहे असं बघून पुन्हा सुरू करायचे.

“औषधाला दोष नसतो,” आमचे हे म्हणायचे.

“असं तू म्हणतोस.”

“महाराजांना विचारू. प्रायश्चित्त सांगतील कायतरी.”

“महाराजांना विचारलं म्हणजे गावाला विचारलं. बस्तीत कट्ट्यावर बसलेले असतात दहाजण.”

“मग आईला सांगून टाक.”

“तू सांग.”

“थोरला तू.”

“लाडका तू.”

शेवटी ठरलं असं, की आत्तींना सांगायचंच नाही. पांढरं औषध आहे एवढं म्हणायचं. आणि अक्काला? मी विचारलं. तिलाही सध्या नकोच, असं दादा म्हणाले. तिला पाळायचे नियम आहेत, उगाच मनाला लावून घेईल.

शनिवारी मागच्या दारी उन्हात अक्का आणि मी पावटे सोलत बसलो होतो. तिनं पेपर मांडीखाली घेतला होता. तिचं माहेर पैलवानांच्या गावचं, वडील लाल मातीत वाढलेले. जत्रेच्या कुस्त्यांची बातमी आली की ती आधी ती वाचायची आणि मग बाकीच्या जगाकडे वळायची.

“काय खुसखुस चाललीया गं घरात?” तिनं शेंग मोडत विचारलं.

“कुठं काय?”

“माडीवरनं ‘अंडं, अंडं’ ऐकू आलं मला. कोण म्हणालं?”

“कोणी नाही.”

“मग कोंबडीच बोलली असंल.” तिनं पावट्यातली अळी अलगद बोटावर घेतली आणि जास्वंदीच्या पानावर नेऊन सोडली. “शैला, तुला खोटं बोलाय येत न्हाई. नाकपुड्या फुगतात.”

मी नाक चोळलं. ती पुढं काही विचारील म्हणून मी थांबले, पण तिनं विचारलं नाही. कुठल्या गावच्या जत्रेत कोण कुणाला कसा आसमान दाखवणार आहे ते सांगत बसली. सांगताना मधूनच थांबायची, उजव्या कुशीला हात लावायची आणि पुन्हा सुरू करायची. दुखतंय का, असं मी विचारलं नाही. पावटे जून झालेत, असं म्हणाले.

आत्तींना कळलं ते रविवारी जेवताना. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची पानं वाढलेली. अक्का आत पडून होती.

“भूपाल,” आत्ती म्हणाल्या, “उद्या कंचं औषध म्हणालास?”

“पांढरं.”

“पांढरं म्हंजे?”

“पांढरं म्हणजे… पांढरं असतंय ते.”

“चुनाबी पांढरा असतोय.”

दादा पन्नाशी ओलांडलेले, शाळेत त्यांच्या छडीला मुलं भ्यायची. पण आईसमोर खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान तापायचे. मी बघितलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आई, त्यात अंडं आहे,” ते म्हणाले.

आमच्या ह्यांच्या घशात घास अडकला. आत्तींनी पळी आमटीच्या पातेल्यात परत ठेवली. त्या ओरडतील, उठून जातील, निदान पान तरी सारतील असं वाटलं. त्यांनी पानातली उरलेली भाकरी शांतपणे संपवली, रोजच्या नेमाप्रमाणे पानात पाणी घालून ते प्यायल्या, आणि मग म्हणाल्या, “उद्या मी येतो दवाखान्याला.”

आमच्याकडे बायका ‘येतो’च म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द फौजदारानं म्हटल्यासारखा वाटला.

सोमवारी आत्ती पांढरं नऊवारी नेसून, गाळून उकळलेल्या पाण्याची आपली चरवी घेऊन, जपाची माळ कनवटीला लावून निघाल्या. गाडीत त्यांनी अक्काला खिडकीची जागा दिली आणि वाटभर समोर बघत बसल्या. अक्का माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारत होती, काय झालंय? मी बाहेरचा ऊस बघत राहिले.

दवाखान्यात शेजारच्या खुर्चीतली ती जतची बाई आधीच येऊन बसली होती. आत्तींना बघून ती जरा सावरून बसली. तांबोळी मॅडम आल्या, अक्काची नाडी बघितली, आणि त्या काही बोलायच्या आत आत्ती खुर्चीतून उठल्या.

“बाई, तुमच्या औषधात अंडं हाय म्हणं.”

अक्कानं मान वळवून आधी आत्तींकडे आणि मग दादांकडे बघितलं. दादा फरशी बघत होते.

“अंडं?” मॅडम म्हणाल्या. “कोण म्हणालं?”

“ह्यो शिकिवतो शाळंत.”

मॅडमना कळायला क्षणभर लागला. मग त्या म्हणाल्या, “नाही हो आजी. अंड्यातही अल्ब्युमिन असतं, ते खरं आहे. पण हे ते नव्हे. हे माणसाचं आहे.”

पडद्यापलीकडे एक भांडं खाली पडलं.

“माणसाचं?” दादांनी विचारलं.

आत्ती हळूच खाली बसल्या. अंड्यासाठी त्यांनी रात्रभर मन तयार केलं असावं. माणसासाठी केलं नव्हतं.

“माणसाच्या रक्तातलं,” मॅडम घाईनं म्हणाल्या. “आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं. लोक देतात, त्यातून वेगळं काढतात, शुद्ध करतात.”

“कुणाला मारून?”

“मारून कशाला आजी? हात पुढं करून दिलेलं.”

“दिल्यावर त्यो मानूस जिता असतोय?”

“चहा-बिस्किट खाऊन घरी जातो.”

आत्तींनी चरवीतलं घोटभर पाणी घेतलं. त्यांचे ओठ हलत होते. जप चाललाय की हिशेब, ते कळत नव्हतं. मग त्या दादांकडे वळल्या. “आपल्यात चार दानं सांगितल्यात. आहारदान, ज्ञानदान, औषधदान, अभयदान. त्या मानसानं औषधदान आन् अभयदान दोन्ही एकदम केलं, ते बी तोंड न दाखवता. आन् तू अंडं म्हणतोस?”

“अल्ब्युमिनचे बरेच प्रकार असतात, मी म्हणालोच होतो—” दादा म्हणाले.

“कवा म्हणालासा?” अक्कानं विचारलं.

जतची बाई फिसकन हसली. आमचा सगळ्यांचाच जीव एकदम हलका झाला. दादांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन आमच्या ह्यांना फोन केला. “अंडं नाही, अंडं नाही,” एवढंच त्यांचं बोलणं व्हरांड्यातून ऐकू येत होतं. सिस्टरनं बाटली आणून टांगली. पांढरं औषध नळीत उतरलं, हातापर्यंत आलं आणि आत गेलं. आत्तींनी त्या बाटलीला हात जोडले. त्या न दिसणाऱ्या माणसाला असावेत.

“आन् ह्ये आत जाऊन करतंय काय?” त्यांनी विचारलं. एकदा गोष्ट पटली की त्या तिच्या मुळापर्यंत जायच्या.

मॅडम खुर्चीच्या हातावर टेकल्या. “अल्ब्युमिन म्हणजे रक्तातला हमाल आजी. एकट्यानं वाहून जात नाही असं ओझं तो पाठीवर घेतो. गाठ वाढायच्या नादात असते, तिला प्रोटीन पाहिजे असतं, म्हणून ती या हमालाला आत ओढून घेते असं मानतात. त्याच्या पाठीवर औषध असतं. तेही आत जातं.”

आत्तींच्या कपाळावर आठी पडली. “म्हंजे खाऊ घालून मारायचं?”

“आत्ती,” अक्का म्हणाली, “गाठीची तरी दया करू नगासा.”

या वेळी आत्तीसुद्धा हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्या. दादा परत आले ते सगळ्यांना हसताना बघून काही न कळता तेही हसले. अक्काचं तोंड लाल झालं नाही, श्वास अडला नाही. एवढ्याशा गोष्टीनं मला इतकं बरं वाटलं, की घरी जाऊन सगळ्यांना शिरा करून घालायचा असं मी मनात ठरवलं.

मॅडम उठल्या तेव्हा अक्का म्हणाली, “डॉक्टर, एक विचारतो. ह्यानं काय हुईल?”

“रोग आवरून धरील.”

“धरील. म्हंजे चितपट न्हाई. नुसतं खाली दाबून धरायचं.”

मॅडमनी दादांकडे बघितलं. दादा बाटलीकडे बघत होते. मग मॅडमनी अक्काच्या खांद्यावर हात ठेवला. “हो,” त्या म्हणाल्या. “जितके दिवस धरता येईल तितके.” आणि पलीकडच्या खुर्चीकडे गेल्या.

मी पिशवी उघडली. “अक्का, डब्यात पावट्याची उसळ आहे, भाकरी मऊ केलीय,” मी म्हणाले.

“तीनची गाडी मिळेल बहुतेक,” दादा म्हणाले.

“ऊन लई पडलंय,” आत्ती म्हणाल्या.

खिडकीखाली रिक्षावाले भांडत होते, ते सगळेजण कान देऊन ऐकत होतो. आत्तींनी कनवटीची माळ काढली.

“आत्ती,” अक्का म्हणाली.

“काय गं?”

“अंडं असतं तर?”

“अगं, आता नाहीच आहे म्हटल्यावर—” दादा म्हणाले.

“तुमी गप बसा. मी आत्तीस्नी विचारतो.”

मला वाटलं, आत्ती चिडतील. नाहीतर म्हणतील, असलं काय बोलतेस. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. माळेचा एक मणी त्यांच्या बोटांत होता, तो त्यांनी पुढं सरकवला नाही. त्या अक्काच्या हाताकडे बघत होत्या, जिथं पांढरं औषध कातडीखाली दिसेनासं होत होतं. अठ्ठावीस वर्षं ती सून त्यांच्या हाताखाली होती. त्यांचं पाणी गाळत होती, त्यांच्या आधी उठत होती, त्यांचा एकही नियम तिनं मोडला नव्हता.

“अंडं असतं,” आत्ती सावकाश म्हणाल्या, “तर मी नगो म्हणालो असतो, राजमती. मला हो म्हणाय आलं नसतं.”

“व्हय,” अक्का म्हणाली. “आन् मी घेतलं असतं. तुमचा शब्द मोडून घेतलं असतं. कोंबडं असतं तरी घेतलं असतं.” तिनं दुसऱ्या हातानं आत्तींचं मनगट धरलं, माळेसकट.

“मला मरायचं न्हाई, आत्ती.”